रमाबाईंनी घडवलेल्या नर्सबाई

बारामतीत ऑपरेशन झालेल्या बायकांना भेटायला मी जाते, तेव्हा घरी सोडताना नर्सबाई काय सांगतात ते कान देऊन ऐकते. दुखण्याची गोळी उपाशीपोटी घ्यायची नाही, फार दुखलं म्हणून दोन एकदम नाहीत. कुठल्या औषधानं अंगावर पित्त उठलं असेल तर त्याचं नाव कागदावर लिहून जवळ ठेवायचं, प्रत्येक डॉक्टरांना दाखवायचं. इंदापूरकडच्या एका मावशींना मात्र गोळी पांढरी होती, एवढंच आठवत होतं!

अशा वेळी मला रमाबाई रानडे आठवतात. जन्म १८६२चा, देवराष्ट्रे गावचा. अकराव्या वर्षी न्यायमूर्ती रानड्यांशी लग्न झालं तेव्हा अक्षरओळखही नव्हती. नवऱ्यानं शिकवलं आणि घरातल्या बायकांचे टोमणे खात त्या शिकल्या. १९०१ मध्ये न्यायमूर्ती गेले. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं. तिथल्या बायकांना रमाबाईंनी ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवलं. चांगल्या घरच्या बाईनं परक्या रोग्याला हात लावायचा, हे तेव्हा लोकांना पटण्यासारखं नव्हतंच.

संस्थेच्या एका बक्षीस समारंभात केशवपन केलेली विधवा लाल लुगड्यात स्टेजवर आली, तर गॅलरीतल्या विद्यार्थ्यांनी हुर्यो उडवली. समारोपाच्या भाषणात रमाबाईंनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. त्यांच्या आयुष्यातला हा प्रसंग मला सगळ्यात आवडतो.

१९२४ मध्ये रमाबाई गेल्या. आमच्या मावशींनी जुनी चिठ्ठी शोधून काढली. त्या औषधाचं नाव नातीनं ठळक अक्षरात लिहून दिलंय. कागद आता बटव्यात असतो.