डॉ. गोपाळराव देशमुख : विधवेच्या वाट्यासाठी झटलेले शस्त्रवैद्य

वैद्यकीचा व्यवसाय करणाऱ्या गृहस्थाने राजधानीतील विधिमंडळात जाण्यासाठी मतदारांपुढे उभे राहावे, ही गोष्ट नांदेड-लातूरकडील आपल्या ज्ञातिबांधवांस आता नवलाची राहिलेली नाही. नांदेडहून १९८९ साली डॉ. व्यंकटेश काब्दे आणि लातूरहून २०२४ साली नेत्रतज्ज्ञ डॉ. शिवाजी काळगे लोकसभेवर निवडून गेले. तरीही कोणी डॉक्टर निवडणुकीस उभा राहिला, की पारावर एक प्रश्न हमखास निघतो. ज्याने जन्मभर नाडी पाहिली, त्यास कायदा काय कळणार? या प्रश्नाचे उत्तर वादाने देण्यापेक्षा एका चरित्राने देणे बरे. ते चरित्र मुंबईचे प्रख्यात शस्त्रवैद्य कै. डॉ. गोपाळराव विनायक देशमुख यांचे होय. त्यांच्या घराण्याचा इतिहास सांगणे हा या लेखाचा हेतू नाही. आपल्या प्रत्येक कुटुंबाशी ज्याचा संबंध पोहोचतो असे एक कार्य त्यांच्या हातून घडले, तेवढ्याचाच परिचय येथे करून द्यावयाचा आहे.

गोपाळराव हे एम.डी. व एफ.आर.सी.एस. या पदव्यांनी भूषित असलेले नामांकित सर्जन होते. ज्या काळी मोठमोठ्या सरकारी रुग्णालयांतील वरच्या जागा बहुधा गोऱ्या अधिकाऱ्यांकडे असत, त्या काळी हिंदी डॉक्टरांनी आपले ज्ञान सिद्ध करून लौकिक मिळविणे हे स्वतःच एक राष्ट्रकार्य होते. परंतु रुग्णाचे दुखणे बरे करून आपले काम संपले, असे मानणाऱ्यांपैकी ते नव्हते. मुंबई महानगरपालिकेच्या कारभारात त्यांनी लक्ष घातले, आणि तेथील प्रमुखास महापौर ही संज्ञा मिळण्यापूर्वीच्या काळात पालिकेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. १९२८ च्या डिसेंबरात कलकत्त्यास अखिल भारतीय वैद्यक परिषद भरली, तिचे अध्यक्षस्थानी तेच होते. देशभरातील डॉक्टरांची एक कायमची संस्था असावी, असे त्या परिषदेत ठरले, आणि आज जी इंडियन मेडिकल असोसिएशन या नावाने सर्वत्र ओळखली जाते ती संस्था त्यातूनच उदयास आली.

१९३४ साली मध्यवर्ती कायदेमंडळाच्या निवडणुका आल्या. सविनय कायदेभंगाची चळवळ थांबवून काँग्रेसने पुन्हा कायदेमंडळात जाण्याचे ठरविले होते. मुंबई शहरातून काँग्रेसच्या वतीने गोपाळराव उभे राहिले व निवडून आले. त्या निवडणुकीस आजच्यासारखा सार्वत्रिक मताधिकार नव्हता. मालमत्ता, कर इत्यादींच्या अटींत बसणाऱ्या थोड्या लोकांनाच मत होते, व त्यांत स्त्रियांची संख्या अगदीच अल्प होती. दिल्लीच्या त्या सभागृहात काँग्रेस पक्षाचे नेतृत्व भुलाभाई देसाई यांच्यासारख्या निष्णात कायदेपंडिताकडे होते. समोर सरकारी बाकांवरही कायद्यात मुरलेली माणसे होती. अशा ठिकाणी एका शस्त्रवैद्याने हिंदु धर्मशास्त्रातील वारसाहक्कास हात घालावा, याचे अनेकांस आश्चर्य वाटणे स्वाभाविक होते. ते ना वकील होते, ना शास्त्री. त्या विषयापुरते तरी ते त्या सभागृहात परकेच होते.

त्या वेळी आपल्या विधवांची स्थिती काय होती, हे नव्या पिढीस सांगितले पाहिजे. एकत्र कुटुंबातील पुरुष वारला, की त्याचा हिस्सा उरलेल्या भावांकडे व पुतण्यांकडे आपोआप जाई. पत्नीस उरे ते अन्नवस्त्र. ज्या घरात तिने वीस-वीस वर्षे राबून संसार उभा केला, त्याच घरात पतीचा तेरावा उरकताच ती दिरांच्या व जावांच्या मर्जीवर येऊन पडे. पती विभक्त असून त्यास पुत्र नसला, तरच ती मिळकत तिच्याकडे येई, आणि तीही केवळ हयातीपुरती. पुत्र असला तर सारे पुत्राचे. तो आईस सांभाळील तर तिचे नशीब, न सांभाळील तर तिने पोटगीसाठी दरबारची पायरी चढावी.

हा कायदा ज्या ग्रंथाच्या आधारे चाले, ती मिताक्षरा आपल्या शेजारीच लिहिली गेली. याज्ञवल्क्यस्मृतीवरील ही टीका विज्ञानेश्वराने चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या कारकीर्दीत कल्याणी येथे रचिली. ते कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. आपल्या निलंग्याहून ते काही फार दूर नाही. विशेष हे, की विज्ञानेश्वर स्त्रियांच्या बाबतीत पुष्कळच उदार होता. स्त्रीस वारसाने आलेले धनही स्त्रीधनात मोडते, असा अर्थ त्याने लावला होता. परंतु इंग्रजी अमदानीत प्रिव्ही कौन्सिलने तो अर्थ मान्य केला नाही. म्हणजे शास्त्राच्या नावाने जे कठोर वाटत होते, त्यातील काही भाग शास्त्रकाराचा नव्हे, तर पुढच्या न्यायनिवाड्यांचा होता. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट मनात ठेवावी.

गोपाळरावांनी कायदेमंडळात जे विधेयक आणिले, त्याच्या मूळ मसुद्यात वारसाहक्कात स्त्री व पुरुष असा भेद राहू नये, हा विचार होता. विधवेबरोबर मुलीसही वाटा मिळावा, अशी त्यांची योजना होती. विरोध झाल्याशिवाय राहिला नाही. एकत्र कुटुंबाची मोडतोड होईल, एका घरची मिळकत दुसऱ्या घरी जाईल, धर्मात सरकारने हात घालू नये, असे आक्षेप निघाले. ज्या सभागृहात हा वाद चालला होता, तेथे स्वतःची बाजू मांडण्यास एकही स्त्री सभासद नव्हती. विधेयक सिलेक्ट कमिटीकडे गेले आणि तेथून परत आले ते पुष्कळ काटछाट होऊन. मुलीचा वाटा त्यातून गळाला. विधवेस जो हक्क द्यावयाचा तोही पूर्ण मालकीचा न राहता हयातीपुरता मर्यादित झाला.

येथे गोपाळरावांच्या स्वभावाची खरी परीक्षा झाली. मनाजोगते सर्व मिळत नाही म्हणून विधेयक मागे घ्यावे, की जेवढे मिळते तेवढे पदरात पाडून घ्यावे, असा पेच होता. त्यांनी दुसरा मार्ग धरिला. संपूर्ण बरे करता येत नाही म्हणून उपचार थांबविणे वैद्यास शोभत नाही, हे त्यांच्या व्यवसायानेच त्यांस शिकविले असले पाहिजे. १४ एप्रिल १९३७ रोजी हिंदु स्त्रियांच्या मिळकतीवरील हक्काचा कायदा अस्तित्वात आला. तो देशमुख कायदा या नावानेच सर्वत्र ओळखला जाऊ लागला. १९३८ साली त्यात काही दुरुस्त्याही झाल्या.

या कायद्याने काय दिले ते उदाहरणाने सांगतो. एखादा गृहस्थ मृत्युपत्र न करिता वारला व त्याच्यामागे विधवा आणि दोन पुत्र राहिले, तर त्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीचे तीन सारखे वाटे होऊन एक वाटा विधवेचा झाला. दोन भावांच्या एकत्र कुटुंबातील एक भाऊ निपुत्रिक वारला, तर त्याचा अर्धा हिस्सा हयात भावाकडे न जाता विधवेच्या हाती आला, आणि पुरुषाप्रमाणेच वाटणी मागण्याचा अधिकारही तिला मिळाला. पतीच्या आधी मृत्यू पावलेल्या पुत्राच्या विधवेसही त्यात स्थान मिळाले. आजवर जी अन्न मागत होती, ती आता वाटा मागू शकत होती. घरातील तिची जागा बदलण्यास एवढे पुरेसे होते.

कायद्यातील उणिवाही सांगितल्याच पाहिजेत. विधवेस उत्पन्नाचा उपभोग घेता येई, पण कायद्यास मान्य अशा गरजेवाचून तिला मिळकत विकता येत नसे, आणि तिच्या पश्चात ती मिळकत पुन्हा पतीच्या वारसांकडे जाई. पुरुषाने मृत्युपत्र करून ठेविले, तर हा हक्क बुडविताही येई. सर्वांत मोठी उणीव १९४१ साली उघड झाली. शेतजमिनीचा वारसा हा प्रांतांच्या अखत्यारीतील विषय असल्यामुळे प्रांतांतील शेतजमिनीस हा कायदा लागू होत नाही, असे मत फेडरल कोर्टाने दिले. ज्या देशात मिळकत म्हणजे बहुधा जमीन, तेथे शेतकऱ्याच्या विधवेस घर, दुकान व रोकड यांपुरताच आधार उरला. पुढे निरनिराळ्या प्रांतांस त्यासाठी वेगळे कायदे करावे लागले.

आपल्या मराठवाड्याची कहाणी तर त्याहूनही निराळी. देशमुख कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. नांदेड जिल्हा, तसेच त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यात मोडणारे लातूर, हे निजामाच्या राज्यात होते. सोलापूरच्या विधवेस जो वाटा १९३७ साली मिळाला, तो सरहद्दीअलीकडच्या आपल्या आत्या-मावश्यांस मिळाला नाही. संस्थानी राज्यांत सुधारणा अशक्य होती असेही नव्हे, कारण बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या राज्यात हिंदु स्त्रीस घटस्फोटाचा हक्क १९३१ सालीच मिळाला होता. आपणांकडे १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद मुक्त झाल्यावरच भारतातील कायद्यांचा ओघ इकडे वळला. आपल्या जुन्या घरांतील कित्येक वृद्ध स्त्रियांच्या आयुष्याचा हिशोब या दहा-पंधरा वर्षांच्या अंतरात दडलेला आहे.

गोपाळराव एका कायद्यावर थांबले नाहीत. १९३८ साली त्यांनी हिंदु स्त्रीस घटस्फोटाचा हक्क देणारे विधेयक आणिले. ते त्या काळी पुढे गेले नाही. पतीकडून छळ होत असता, अथवा त्याने दुसरे लग्न केले असता, पत्नीस वेगळे राहून पोटगी मागता यावी, असेही विधेयक त्यांनी मांडिले होते. त्याच विषयावरील कायदा १९४६ साली झाला. देशमुख कायद्याची गुंतागुंत सोडविण्यासाठी सरकारने १९४१ साली सर बेनेगल नरसिंह राव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पुण्याचे ज. र. घारपुरे व बडोद्याचे राजरत्न वा. वि. जोशी हे तिचे सभासद होते. तुकड्यातुकड्यांनी कायदे करण्यापेक्षा समग्र हिंदु कायदाच नव्याने लिहावा, या विचाराकडे समिती वळली, आणि त्यातूनच हिंदु कोड बिल आले. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या बिलासाठी जी झुंज दिली, ती सर्वश्रुत आहे. एका सर्जनाने घातलेल्या पहिल्या टाक्यापासून हे वस्त्र विणले गेले, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

१९५६ चा हिंदु वारसा कायदा आला आणि विधवेचा हयातीपुरता हक्क पूर्ण मालकीचा झाला. मुलीसही वडिलांच्या मिळकतीत वाटा मिळाला. वडिलार्जित एकत्र मिळकतीत मुलीस जन्मतः पुत्राइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, परंतु त्यापूर्वी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. संसदेने २००५ साली तो हक्क देशभर सर्व मुलींस दिला, व वडील त्या वेळी हयात असोत वा नसोत, तो लागू होतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला. गोपाळरावांच्या मूळ मसुद्यातून जी मुलगी गळाली होती, तिला आपला वाटा मिळण्यास अशी अनेक दशके लागली.

मुंबईच्या पेडर रोडला आज डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग असे नाव आहे. त्या रस्त्याने जाणाऱ्यांपैकी किती जणांस ते ठाऊक असेल, हे सांगणे कठीण. परंतु थोर पुरुषाचे खरे स्मारक दगडी पाटीवर नसून लोकांच्या वर्तनात असते. आपल्या ज्ञातीत आज काय घडते, हे प्रत्येकाने स्वतःशी पाहावे. वारसनोंदीच्या वेळी विधवेचे नाव सातबाऱ्यावर मुलांच्या बरोबरीने चढते, की आईला काय करावयाचे आहे म्हणून ते मागे पडते? रक्षाबंधनास ओवाळणी घालणारा भाऊ त्याच बहिणीस हक्कसोडपत्रावर सही करण्यासाठी तहसिलीत नेतो, तेव्हा तिने राजीखुशीने सही केली, की माहेर तुटेल या भीतीने? कायद्याने दिलेले रिवाजाने काढून घ्यावयाचे, हा व्यवहार आपल्या घरांत चालू असेल, तर त्याची लाज दिल्लीस नव्हे, आपणांस वाटली पाहिजे.

गोपाळरावांनी केलेला कायदा एका जातीसाठी नव्हता, आणि म्हणूनच तो आपलाही आहे. डॉक्टर असो, वकील असो वा शेतकरी असो, उद्या जो कोणी आपल्याकडे मत मागावयास येईल, त्यास तो कोणत्या ज्ञातीचा, हे विचारण्यापूर्वी आपल्या घरातील सर्वांत दुबळ्या माणसासाठी तो काय करणार, हे विचारावे. आणि तोच प्रश्न त्याच्याआधी स्वतःस विचारावा. ज्ञातिसंघ अशा कामासाठीच असतात. येत्या वर्षात आपल्यापैकी प्रत्येक कुटुंबाने घरातील विधवेच्या व बहिणीच्या नावाची नोंद एकदा तपासून घेतली, आणि ती राहिली असल्यास आपण होऊन करून दिली, तर या शस्त्रवैद्याच्या स्मृतीस आपण खऱ्या अर्थाने वंदन केले असे होईल.