डाव्या बाजूचा चित्रकार

लोविस कोरिंथ या जर्मन चित्रकाराचा एक नेम होता. वाढदिवस आला, की दर वर्षी आरशासमोर बसून तो स्वतःचे चित्र काढी. यात हौस नव्हती. एका वर्षात आपले काय झाले, याचा तो हिशेब होता. हाच नेम पुढे त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या आपत्तीचा साक्षीदार ठरला.

कोरिंथचा जन्म २१ जुलै १८५८ रोजी पूर्व प्रशियातील टापियाऊ या गावी, कातडी कमावणाऱ्याच्या घरी झाला. केनिग्सबर्ग, म्यूनिक आणि पॅरिस येथे शिकून तो बर्लिनला आला. तेथे त्याने चित्रशाळा काढली. तेथील शिष्या शार्लोट बेरेन्ट हिच्याशी १९०३ साली त्याचा विवाह झाला. ती त्याच्याहून २२ वर्षांनी लहान होती. गडी धिप्पाड, खाण्यापिण्याचा शौकीन, आणि कुंचलाही तसाच दणकट. १९११ साली बर्लिनमधील नव्या चित्रकारांच्या संघाचे अध्यक्षपद त्याच्याकडे आले आणि त्याच डिसेंबरात अर्धांगवायूने त्याला गाठले. डावे अंग लुळे पडले.

मेंदूच्या उजव्या भागास इजा झाली, की कधी कधी एक विलक्षण गोष्ट घडते. डोळे शाबूत असूनही रोग्याच्या लेखी डावी बाजू उरतच नाही. तो ताटातले उजवीकडचे अन्न तेवढे खातो, अर्ध्याच चेहऱ्याची दाढी करतो. घड्याळ काढायला सांगितले, तर सारे आकडे उजवीकडे दाटीने बसवतो. कागदभर पसरलेल्या रेघांवर काट मारायला सांगितली, तर काही रोगी उजवीकडच्या त्याच त्या रेघांवर पुन्हा पुन्हा काट मारीत राहतात. डावीकडे जाणे सुचत नाही, आणि हात तर थांबत नाही.

कोरिंथचे दुखणे इतके पराकोटीचे नसावे. तरीही त्याच्या नंतरच्या चित्रांत मज्जाविकारतज्ज्ञांना त्याच्या खुणा दिसल्या: डावीकडचे तपशील विरळ झालेले, बाह्यरेषा जागेवरून सरकलेल्या. कलासमीक्षकांपैकी काहींना मात्र यात आजारापेक्षा शैलीतला स्वाभाविक बदल दिसतो. दोन्ही हातांना कंप होता, चालताना पाय ओढे. तरी शार्लोटच्या आधाराने वर्षाच्या आत तो उजव्या हाताने पुन्हा रंगवू लागला. १९१२ साली त्याने आंधळा सॅमसन रंगविला: बेड्या घातलेला, डोळ्यांवर रक्ताळलेली पट्टी, हातांनी वाट चाचपणारा. हे कोणाचे दुःख, ते सांगावे लागत नाही.

वाढदिवसाचा नेमही सुटला नाही. त्या चित्रांतून चेहरा वर्षागणिक ढासळत गेलेला दिसतो. त्याने तो कधी सजवला नाही. १९१९ साली बव्हेरियातील वाल्खेन सरोवराकाठी त्याचे घर झाले. मग तेच पाणी, तोच डोंगर त्याने पहाटे, चांदण्यात, बर्फात पुन्हा पुन्हा रंगविला. अशी चित्रे ६० च्या आसपास आहेत, आणि एकही दुसऱ्याची नक्कल नाही. रोग्याचे हात तीच रेघ पुन्हा ओढतात, तेव्हा तिथे पाहणारा कोणी नसतो. कोरिंथ दर वेळी नव्याने पाहत होता. आमच्या गाण्यात रियाज म्हणतात तो हाच. तोच पलटा, पण रोज कान उघडा ठेवून.

रेम्ब्रांट आणि हाल्स यांची चित्रे पाहण्यासाठी तो हॉलंडला गेला, आणि तेथेच १७ जुलै १९२५ रोजी न्यूमोनियाने वारला. वाढदिवस चार दिवसांवर होता. १९३७ साली नाझी राजवटीने त्याच्या २९५ कलाकृती भ्रष्ट ठरवून जप्त केल्या. त्यांचा मुख्य रोख आजारानंतरच्या कामावर होता. आज त्याच कामासाठी कोरिंथचे नाव आदराने घेतले जाते.