जॉन पोस्टेल : क्रमांकांचे निरिच्छ कारभारी

विद्यार्थिमित्रहो, रणांगण गाजविणाऱ्यांची आणि राज्ये स्थापणाऱ्यांची चरित्रे आपण आवडीने वाचतो. परंतु नोंदवही पुढे घेऊन मुकाट्याने बसलेल्या मनुष्याचे चरित्र सहसा कोणी लिहीत नाही. आज आम्ही अशाच एका नोंदणीकाराची ओळख करून देणार आहोत. त्यांच्या नोंदीवाचून जगातील संगणकांना परस्परांशी बोलणे अतिशय कठीण झाले असते.

जोनाथन ब्रूस पोस्टेल यांचा जन्म अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, अल्टाडीना येथे ६ ऑगस्ट १९४३ रोजी झाला. व्हॅन नाइस येथील ज्या माध्यमिक शाळेत ते शिकले, त्याच शाळेतून व्हिंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हे पुढे संगणकक्षेत्रात नावाजलेले दोन विद्यार्थीही बाहेर पडले. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून पोस्टेल यांनी १९६६ मध्ये अभियांत्रिकीची पदवी, १९६८ मध्ये पदव्युत्तर पदवी आणि १९७४ मध्ये संगणकशास्त्रातील डॉक्टरेट मिळविली.

याच विद्यापीठात २९ ऑक्टोबर १९६९ रोजी एक अपूर्व प्रयोग झाला. तेथील संगणकाने अर्पानेट या जाळ्यावरून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील संगणकास पहिला संदेश धाडला. लॉगिन हा शब्द पाठवावयाचा होता. पण एल आणि ओ ही दोनच अक्षरे पोहोचली आणि यंत्रणा कोसळली! ज्या विद्यार्थिमंडळाने हे जाळे उभारण्यास हातभार लावला, त्यात पोस्टेल होते.

तार जोडली म्हणजे संभाषण साधले असे मात्र होत नाही. एखाद्या मोठ्या सरकारी कचेरीची कल्पना करा. कचेरीचा पत्ता ठाऊक असला तरी आपले काम कोणत्या खिडकीवर होते हे कळल्याखेरीज आपण आत जाऊन करणार काय? संगणकाचेही तसेच आहे. एकाच संगणकात अनेक कार्यक्रम चालतात. त्यांपैकी जो मागणी येण्याची वाट पाहत बसतो त्यास सर्व्हर म्हणतात आणि जो मागणी घेऊन जातो त्यास क्लायंट. संगणकाचा पत्ता म्हणजे कचेरी, आणि पोर्ट क्रमांक म्हणजे तिची खिडकी. क्लायंटला दोन्ही ठाऊक असावी लागतात. उलट, क्लायंटला तात्पुरता एक क्रमांक मिळतो, म्हणजे उत्तर नेमके त्याच्याच हाती परत येते.

संभाषणाचा आरंभही रीतसर होतो. क्लायंट प्रथम बोलणे सुरू करण्याची परवानगी मागतो. सर्व्हर ती देऊन आपलीही विनंती कळवितो. क्लायंट तिची पोच देतो. या तीन पावलांनंतरच मजकूर वाहू लागतो. मजकुराच्या प्रत्येक अंशास अनुक्रम असतो, म्हणून वाटेत काही हरवले तर ते पुन्हा पाठविता येते. खिडकीमागे कोणीच बसलेले नसेल, तर संगणक सामान्यतः तसा नकार कळवितो. एका दालनातील दोन यंत्रे असोत वा समुद्रापलीकडची, रीत हीच.

आता खिडक्यांना क्रमांक कोणी द्यावयाचे? ज्याने त्याने मनास येईल तो क्रमांक घेतला असता तर गोंधळास पारावार उरला नसता. १९७२ मध्ये पोस्टेल यांनी सुचविले की क्रमांक वाटून देण्याचे काम एकाच व्यक्तीकडे असावे. आणि ते काम त्यांनी स्वतःच्या शिरावर घेतले. पत्रव्यवहारासाठी २५, नावांचा शोध लावण्यासाठी ५३ आणि पुढे वेबपृष्ठांसाठी ८० असे क्रमांक ठरत गेले. शून्यापासून ६५,५३५ पर्यंतच्या या क्रमांकांपैकी पहिले १,०२४ सर्वपरिचित सेवांसाठी राखलेले आहेत.

दुसरेही एक व्रत त्यांनी आजन्म पाळले. जाळ्याचे नियम ज्या टिपणांतून प्रसिद्ध होत, ती आरएफसी नावाची मालिका क्रॉकर यांनी १९६९ मध्ये सुरू केली होती. तिचे संपादन पोस्टेल यांनी अखेरपर्यंत केले. १९७७ पासून ते दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेत काम करीत होते. त्याच वर्षी त्यांनी सहकाऱ्यांना एक स्पष्ट इशारा दिला : संदेशाला वाट दाखविणे आणि तो सुखरूप पोहोचला की नाही हे पाहणे ही दोन कामे एकाच नियमावलीत कोंबू नयेत. पुढे ती कामे आयपी आणि टीसीपी अशी वेगळी झाली. त्यांच्या नियमावल्या पोस्टेल यांच्या संपादनाखाली सप्टेंबर १९८१ मध्ये निघाल्या आणि १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने त्या अंगीकारल्या.

या लेखनात त्यांनी घालून दिलेले एक तत्त्व आम्हांस फार मोलाचे वाटते. आपण जे पाठवावयाचे त्यात काटेकोर असावे, आणि दुसऱ्याकडून जे येईल ते स्वीकारताना उदार असावे, असा त्याचा आशय. ते यंत्रांसाठी सांगितले होते. परंतु शेजारधर्मासही ते किती लागू पडते पाहा!

देशांना दोन अक्षरी नावे देण्याचा प्रसंग आला तेव्हा कोणता प्रदेश देश मानावा हा वाद त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतला नाही. आंतरराष्ट्रीय मानक यादी प्रमाण मानली. भारताचे इन हे नाव १९८९ मध्ये नोंदविले गेले.

मात्र जाळे विस्तारले तशी त्या नोंदवहीची किंमतही वाढली. नावांची मूळ यादी कोणाच्या ताब्यात असावी यावर वाद माजला. २८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी मूळ सर्व्हरांच्या आठ चालकांना ही यादी आपल्या संस्थेच्या संगणकाकडून घेण्याची विनंती केली. चालकांनी ती मानली! ही केवळ चाचणी होती असे त्यांनी सांगितले. पण अमेरिकन सरकारने हरकत घेताच सर्व पूर्ववत करण्यात आले. कोणास यात अधिकाराचा अतिक्रम दिसला, तर कोणास विश्वासाचे बळ. आमच्या मते त्यातून एक गोष्ट निश्चित कळते. ज्या सत्तेपुढे आठ चालक झुकले, ती कायद्याने मिळालेली नव्हती. तीस वर्षांच्या निष्पक्ष सेवेने मिळविलेली होती. पण अशी सत्ता एकाच माणसाच्या भलेपणावर टांगून ठेवावी काय, हा प्रश्नही त्या प्रसंगाने जगापुढे ठेवला.

सप्टेंबर १९९८ मध्ये आयकॅन ही संस्था या कामासाठी स्थापन झाली. तिची घडी बसलेली पाहणे मात्र पोस्टेल यांच्या नशिबी नव्हते. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर उद्भवलेल्या विकाराने १६ ऑक्टोबर १९९८ रोजी लॉस एंजेलिस येथे त्यांचा अंत झाला. वय अवघे पंचावन्न. दुसऱ्या वर्षापासून इंटरनेट सोसायटी त्यांच्या नावाने सेवा पुरस्कार देऊ लागली.

१९८३ मध्ये त्यांनी एक अगदी लहानसा नियम लिहिला होता : सातव्या क्रमांकाच्या खिडकीवर जो जे सांगेल, ते त्यास जसेच्या तसे परत करावे. त्याचे नाव प्रतिध्वनी. आजही विद्यार्थी क्लायंट आणि सर्व्हर लिहावयास शिकतात तेव्हा बहुधा याच प्रयोगाने आरंभ करतात. मित्रहो, प्रयोगशाळेत एका यंत्रावर टंकलेला शब्द शेजारच्या यंत्रावरून परत येईल, तेव्हा नोंदवही सांभाळीत आयुष्य वेचलेल्या या माणसाचे क्षणभर स्मरण करा. ज्याने क्रमांक वाटले, त्याने स्वतःसाठी पहिला क्रमांक कधी मागितला नाही.