विश्लेषण : मेंदूतील हालचालींना प्रकाशाचे रूप देणारे ग्रे वॉल्टर कोण होते?

विक्रोळी, घाटकोपर किंवा मुलुंडच्या रुग्णालयात ईईजी काढताना रुग्णाला डोळे मिटायला सांगून समोर दिवा लुकलुकवला जातो. या तपासणीचा पाया भक्कम करणाऱ्यांत ब्रिटिश मेंदूशास्त्रज्ञ विल्यम ग्रे वॉल्टर यांचे नाव घेतले जाते. मेंदूच्या लहरींपासून चित्र आणि ध्वनी घडवणाऱ्या आजच्या कलेचा एक धागाही त्यांच्याच प्रयोगशाळेपर्यंत जातो.

जडणघडण कशी झाली?

वॉल्टर यांचा जन्म १९१० मध्ये अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे झाला. १९१५ मध्ये कुटुंब इंग्लंडला आले. पुढे केंब्रिजमध्ये शिक्षण झाले, मात्र तेथे फेलोशिप मिळाली नाही. त्यामुळे ते लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात दाखल झाले.

तो काळ ईईजीच्या बाल्यावस्थेचा होता. जर्मन मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावरून विद्युतलहरी नोंदवल्या आणि १९२९ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. अनेकांचा त्यावर विश्वास बसला नाही. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एडगर एड्रियन आणि ब्रायन मॅथ्यूज यांनी त्यांना दुजोरा दिला. वॉल्टर यांनी बर्गर यांची भेट घेतली आणि अधिक संवेदनशील यंत्रे बांधली.

पहिले मोठे यश कोणते?

मेंदूतील गाठ विद्युतदृष्ट्या शांत असते. पण तिच्या भोवतालच्या भागातून संथ लहरी उमटतात. १९३६ मध्ये वॉल्टर यांनी या लहरी ओळखून त्यांना 'डेल्टा' हे नाव दिले. सीटी स्कॅन तेव्हा साडेतीन दशके दूर होता. कवटी न उघडता गाठीची जागा शोधण्याचा मार्ग त्यातून मिळाला. १९३९ पासून ते ब्रिस्टलच्या बर्डन न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये काम करू लागले.

'टोपोस्कोप' म्हणजे काय?

कागदावरील रेषांतून लहर कधी उमटली हे कळते, पण ती मेंदूत कुठून कुठे गेली हे चटकन दिसत नाही. त्यासाठी वॉल्टर यांनी सहकारी हॅरोल्ड शिप्टन यांच्यासह टोपोस्कोप बनवला. त्यात २२ छोट्या पडदानळ्या होत्या. प्रत्येकीवर घड्याळाच्या काट्यासारखी रेषा फिरे आणि मेंदूच्या त्या भागातील लहरीनुसार कमी-अधिक उजळे. सगळे पडदे एकत्र पाहिले, की मेंदूचा हलता नकाशाच दिसे. यंत्र अवजड असल्याने त्याचा फार प्रसार झाला नाही. संगणकावर मेंदूचे रंगीत नकाशे काढण्याची कल्पना मात्र त्याच वाटेवरची आहे.

यांत्रिक कासवे कशासाठी?

मेंदूचे वागणे समजून घेण्यासाठी १९४८-४९ मध्ये त्यांनी 'एल्मर' आणि 'एल्सी' ही चाकांवरची कासवे तयार केली. प्रत्येकात केवळ दोन कृत्रिम 'चेतापेशी' होत्या. एक प्रकाशाला, तर दुसरी स्पर्शाला प्रतिसाद देई. मंद प्रकाशाकडे कासव जाई, प्रखर प्रकाश टाळे आणि बॅटरी उतरली की चार्जिंगसाठी घरट्यातील दिव्याकडे वळे. पाठीवर दिवा ठेवून अंधारात दीर्घकाळ छायाचित्र घेतले, की त्याच्या मार्गाची वळणदार प्रकाशरेषा उमटे. ही छायाचित्रे आज मेंदूच्या प्रतिकृतीने काढलेली चित्रे वाटतात. १९५१ च्या 'फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन'मध्ये अशी कासवे प्रेक्षकांसमोर आली. पुढच्या यंत्रमानवशास्त्रज्ञांनी त्यांना आपले पूर्वज मानले.

कलेशी संबंध कसा आला?

ठरावीक गतीने लुकलुकणाऱ्या प्रकाशाचा मेंदूवर होणारा परिणाम वॉल्टर यांनी १९४० च्या दशकात तपासला. काही अपस्मार रुग्णांना त्याने झटके येत, तर अनेक निरोगी व्यक्तींना मिटल्या डोळ्यांपुढे रंग आणि आकृत्या दिसत. १९५३ च्या 'द लिव्हिंग ब्रेन' या पुस्तकात त्यांनी हे सांगितले. ते वाचून कलावंत ब्रायन गायसिन यांनी इयन समरव्हिल यांच्यासह 'ड्रीममशीन' घडवले : खाचा असलेले फिरते नळकांडे, आत दिवा आणि समोर डोळे मिटून बसलेला प्रेक्षक. अपस्माराच्या रुग्णांसाठी हा प्रकाश आजही धोक्याचा आहे.

ध्वनीची वाट वेगळी होती. मिटल्या डोळ्यांनी शांत बसल्यावर उमटणाऱ्या अल्फा लहरी सेकंदाला सुमारे ८ ते १३ असतात. माणसाला ऐकू येणाऱ्या आवाजाची सुरुवात सुमारे २० पासून होते. म्हणून १९६५ मध्ये अमेरिकी संगीतकार अल्विन लुसिए यांनी लहरी वर्धित करून ध्वनिक्षेपक थरथरवले आणि त्या कंपनांनी तालवाद्ये वाजवली.

मग विचार दिसतात का?

नाही. ईईजीत लाखो पेशींची एकत्रित लय नोंदवली जाते. ती कोणत्या रंगात किंवा सुरात मांडायची, हे माणूस ठरवतो. वॉल्टर यांनी १९६४ मध्ये आणखी एक मंद बदल दाखवला : अपेक्षित इशाऱ्याची वाट पाहताना मेंदूत विद्युतभार हळूहळू वाढतो. त्यातून मेंदूची तयारी कळते, मनातला मजकूर नव्हे.

अखेर कशी झाली?

१९७० मध्ये स्कूटरवरून जाताना उधळलेल्या घोड्याशी टक्कर होऊन वॉल्टर यांच्या मेंदूला गंभीर इजा झाली. आयुष्यभर ज्या अवयवाचा अभ्यास केला, त्याच्याच दुखापतीने त्यांचे संशोधन थांबले. १९७७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे एक कासव लंडनच्या सायन्स म्युझियमने जपले आहे.