योगायोग आणि दोष यांच्यामधली रेघ

कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या मालातले १०० नग तपासले आणि त्यांत १० खराब निघाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा १०० तपासले, तर १४ खराब निघाले. आता काय करावे? पाळीवरच्या कामगारांना जाब विचारावा, यंत्राची मांडणी बदलावी, की काहीच करू नये? उत्तर चुकले तर दोन्हीकडून नुकसान होते. बिघाड नसताना यंत्र हलवले तर चांगले चाललेले काम बिघडते आणि बिघाड असताना गप्प बसले तर खराब माल ग्राहकाच्या हाती पडतो. या पेचावर आकड्यांच्या आधारे तोडगा काढणारे शास्त्रज्ञ म्हणजे वॉल्टर शूहार्ट.

शूहार्ट यांचा जन्म १८ मार्च १८९१ रोजी अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील न्यू कँटन या लहानशा गावी झाला. इलिनॉय विद्यापीठात शिकून ते कॅलिफोर्नियात बर्कली येथे गेले आणि १९१७ मध्ये त्यांनी भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. चिकट माध्यमातून जाणाऱ्या सूक्ष्म थेंबांची गती हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. प्रयोगशाळेत मोजमापे घेणाऱ्याला एक गोष्ट लवकर उमगते. तीच वस्तू त्याच उपकरणाने पुन्हा मोजली तरी आकडा थोडा मागेपुढे होतोच. हे मागेपुढे होणे म्हणजे चूक नव्हे, तो निसर्गाचा स्वभाव आहे. शूहार्ट यांनी ही जाण कारखान्यात नेली.

१९१८ मध्ये ते वेस्टर्न इलेक्ट्रिक या कंपनीत रुजू झाले. अमेरिकेतील बेल टेलिफोन यंत्रणेसाठी लागणारी उपकरणे ही कंपनी बनवत असे. शिकागोजवळचा हॉथॉर्न येथील तिचा कारखाना प्रचंड मोठा होता. टेलिफोनच्या तारांबरोबर काही उपकरणे जमिनीखाली पुरली जात. त्यांतले एखादे बिघडले तर ते शोधून, खणून, दुरुस्त करण्याचा खर्च मूळ किमतीच्या मानाने फार मोठा असे. म्हणून माल पहिल्यापासूनच भरवशाचा हवा होता. पण त्या काळी गुणवत्ता राखणे म्हणजे शेवटी तपासणी करून खराब नग बाजूला काढणे, एवढाच अर्थ घेतला जाई. खराब मालाचे प्रमाण जरा वाढले की दुरुस्त्या सुरू होत आणि अनेकदा त्या दुरुस्त्यांमुळेच मालातला फरक आणखी वाढे.

प्रत्येक नग तपासणे परवडत नाही, म्हणून नमुना घ्यावा लागतो. इथेच खरी अडचण येते. सगळ्या मालात बरोबर १० टक्के नग खराब असले, तरी १०० नगांच्या प्रत्येक नमुन्यात नेमके १० खराब निघणार नाहीत. कधी ८ निघतील, कधी १३. या चढउताराला किती मुभा द्यायची, याचे गणित शूहार्ट यांच्या आधी जवळजवळ दोनशे वर्षे तयार होते. फ्रान्समधून परागंदा होऊन लंडनमध्ये राहिलेले गणिती अब्राहम द मॉयव्र यांनी १७३३ मध्ये नाणेफेकीच्या हिशेबात ते मांडले होते. एकच नग घेतला तर शक्यता दोनच, चांगला किंवा खराब. पण १००-१०० नगांचे नमुने पुन्हा पुन्हा घेतले आणि प्रत्येकातले खराब नगांचे प्रमाण आलेखावर मांडले, तर मधे उंच आणि दोन्ही बाजूंना उतरत जाणारा, घंटेच्या आकाराचा वक्र दिसू लागतो. हेच प्रसामान्य वितरण.

या घंटेची रुंदी काढणे अवघड नाही. खराब नगांचे प्रमाण आणि चांगल्या नगांचे प्रमाण यांचा गुणाकार करायचा, त्याला नमुन्यातील नगांच्या संख्येने भागायचे आणि वर्गमूळ घ्यायचे. वरच्या उदाहरणात ०.१० गुणिले ०.९० म्हणजे ०.०९. त्याला १०० ने भागून वर्गमूळ काढले की ०.०३ येते, म्हणजे ३ टक्के. याला प्रमाण विचलन म्हणतात. सुमारे ६८ टक्के नमुने मध्यापासून एका प्रमाण विचलनाच्या आत, सुमारे ९५ टक्के दोनच्या आत आणि सुमारे ९९.७ टक्के तीनच्या आत पडतात. म्हणजे १०० च्या नमुन्यात १ ते १९ पर्यंत खराब नग निघाले, तरी केवळ तेवढ्यावरून कारखान्यात काही बदलले असे म्हणता येत नाही. १४ हा आकडा तर अगदीच साधा. काहीही न बिघडता १४ किंवा त्याहून जास्त खराब नग आठ दिवसांत साधारण एकदा निघणारच.

हेच प्रमाण ९०० नगांच्या नमुन्यात दिसले तर गोष्ट वेगळी. तिथे प्रमाण विचलन ३ टक्क्यांवरून १ टक्क्यावर येते. मग १४ टक्के म्हणजे मध्यापासून चार प्रमाण विचलने दूर. तिथे कारण शोधलेच पाहिजे. टक्केवारी तीच, पण अर्थ उलटा. नमुना नऊपट केला तेव्हा अनिश्चितता एक तृतीयांश झाली, एक नवमांश नव्हे. वर्गमूळाचा हा हिशेब ध्यानात घेतला नाही, तर टक्केवारी दिशाभूल करते.

१६ मे १९२४ रोजी शूहार्ट यांनी त्यांचे वरिष्ठ जॉर्ज एडवर्ड्स यांना एक छोटे टिपण दिले. ते जेमतेम एका पानाचे होते आणि त्यात एक आकृती होती. ठरावीक प्रकारच्या उपकरणांतील खराब नगांचे प्रमाण वेळोवेळी बिंदूंनी मांडायचे आणि त्या बिंदूंच्या वर-खाली दोन मर्यादारेषा आखायच्या, एवढीच ती कल्पना. रेषांच्या आतला चढउतार योगायोगाचा मानायचा. बिंदू रेषेबाहेर गेला, तर मात्र कारण शोधायला निघायचे. आज जगभर वापरला जाणारा नियंत्रण आलेख तो हाच.

मर्यादारेषा तीन प्रमाण विचलनांवर का, यामागे शूहार्ट यांचा व्यवहारी विचार होता. रेषा जवळ आखल्या तर विनाकारण धावपळ होते, लांब आखल्या तर खरा बिघाड निसटतो. दोन्ही प्रकारच्या चुकांचा खर्च तोलून त्यांनी हे अंतर निवडले. घंटाकृती वक्र नेहमी तंतोतंत लागू पडेल, असेही त्यांनी गृहीत धरले नाही. आकडे लिहिलेल्या चकत्या भांड्यात घालून, त्या हजारो वेळा काढून त्यांनी प्रयोग केले. भांड्यातील आकड्यांची मांडणी घंटेसारखी नसली, तरी चार-चार चकत्यांच्या सरासरी मात्र घंटेच्या जवळ जातात, हे त्यांना दिसले. प्रमाणांच्या बाबतीत मात्र एक पथ्य पाळावे लागते. नमुन्यात अपेक्षित खराब नग आणि अपेक्षित चांगले नग, दोन्ही निदान पाच तरी असावेत. शंभरात एखादाच नग खराब निघत असेल, तर वक्र एका बाजूला कलतो आणि घंटेचा हिशेब फसतो. नमुनाही सरसकट घेतलेला हवा. खोक्यातले फक्त वरचे नग उचलले, तर कुठलेच सूत्र कामाला येत नाही.

१९२५ मध्ये बेल टेलिफोन प्रयोगशाळा स्थापन झाली आणि शूहार्ट तिथे गेले. निवृत्त होईपर्यंत, म्हणजे १९५६ पर्यंत ते तिथेच राहिले. १९३१ मध्ये कारखानदारी मालाच्या गुणवत्तेवरचे त्यांचे मोठे पुस्तक प्रसिद्ध झाले. १९३९ मधले त्यांचे दुसरे पुस्तक एडवर्ड्स डेमिंग यांच्या संपादनाखाली निघाले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या युद्ध खात्याच्या मागणीवरून नियंत्रण आलेखांची मानके तयार झाली आणि १९५० मध्ये डेमिंग यांनी हे विचार जपानी उद्योजकांपुढे मांडले. डेमिंग यांचे नाव घरोघरी पोचले, गुरू मात्र मागे राहिले.

भारताशीही शूहार्ट यांचा थेट संबंध आला. भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून ते १९४७-४८ मध्ये इथे आले आणि त्यांनी उद्योगांना या पद्धतीची ओळख करून दिली. पुढे १९५० च्या दशकात संस्थेने मुंबई, बेंगळुरू आणि कोलकाता येथे गुणवत्ता नियंत्रणाचे विभाग सुरू केले. १९६२ मध्ये संस्थेने शूहार्ट यांना मानद डॉक्टरेट दिली.

टेलिफोनसाठी जन्मलेला हा आलेख आता रुग्णालयांतही वापरतात. समजा, एका रुग्णालयात महिन्याला २०० शस्त्रक्रिया होतात आणि त्यानंतर जंतुसंसर्ग होण्याचे प्रमाण सरासरी ४ टक्के, म्हणजे ८ रुग्ण आहे. एका महिन्यात ११ जणांना संसर्ग झाला, तर तो आकडा मर्यादेच्या आत बसतो. वरची मर्यादा साधारण १६ रुग्णांची येते. १८ जणांना झाला, तर मात्र निर्जंतुकीकरणाचे यंत्र, पाणी, हात धुण्याची शिस्त, सगळे ताबडतोब तपासायला हवे.

पण मर्यादेच्या आत आहे म्हणजे सगळे ठीक आहे, असा याचा अर्थ नव्हे. ८ रुग्णांचा संसर्ग हा ८ माणसांचा त्रास असतोच. आलेख एवढेच सांगतो, की हे ८ एखाद्या परिचारिकेच्या त्या दिवशीच्या हलगर्जीमुळे आलेले नसून ते रुग्णालयाच्या नेहमीच्या कामाच्या रीतीतून येतात. ते कमी करायचे असतील तर रीत बदलावी लागेल, आणि ते काम व्यवस्थापनाचे. कारखान्यातल्या १० टक्के खराब नगांनाही हेच लागू होते. पाळीवरच्या कामगाराला रागावून ते ९ टक्के होत नाहीत.

११ मार्च १९६७ रोजी न्यू जर्सी राज्यात शूहार्ट यांचे निधन झाले. औषधाच्या गोळ्यांपासून रुग्णालयाच्या खाटेपर्यंत अनेक ठिकाणी आज कोणीतरी नमुना घेते, प्रमाण काढते आणि बिंदू दोन रेषांच्या आत आहे की बाहेर, ते पाहते. दोष कोणाला द्यायचा हे त्यानंतर ठरते. कित्येकदा तो कोणालाच द्यायचा नसतो.