घाट फोडणारा संघटक : वालचंद हिराचंद

दाभोळच्या बंदरातून मुंबईची आगबोट पकडणाऱ्या कोकणवासीयांच्या कित्येक पिढ्या झाल्या. ही वाहतूक करणारी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी पुढे सिंदिया कंपनीच्या ताब्यात आली आणि सिंदियाबरोबर वालचंद हिराचंद हे नाव किनाऱ्यावर सर्वतोमुखी झाले. मात्र या जहाजमहर्षीच्या कर्तृत्वाचा पाया समुद्रात नव्हे, तर खडी, चुना आणि सुरुंगांच्या व्यवसायात घातला गेला होता.

२३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात जन्मलेल्या वालचंदांना घरच्या सावकारीत आणि कापसाच्या व्यापारात रस वाटला नाही. रेल्वेत कारकुनी केलेले लक्ष्मणराव फाटक त्यांना भागीदार म्हणून लाभले आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून त्यांची कंत्राटदारी सुरू झाली. त्या काळी मोठी बांधकामे म्हणजे युरोपीय कंपन्यांची मिरासदारी होती. एतद्देशीयांकडे ना पुरेसे भांडवल, ना यंत्रसामग्री, ना सरकारदरबारी पत. एकट्यादुकट्याने ही कोंडी फुटणार नाही, हे वालचंदांनी वेळीच ओळखले. १९२० साली त्यांनी टाटांशी हातमिळवणी करून टाटा कन्स्ट्रक्शन कंपनी उभी केली, तर १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीची स्थापना केली. भोर घाटातील रेल्वेचे बोगदे आणि मुंबईला तानसाचे पाणी आणणारी जलवाहिनी या कामांनी देशी कंत्राटदाराची कुवत सिद्ध केली.

१९१९ मध्ये त्यांनी सिंदियाचे ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनला धाडले. तेव्हा ब्रिटिश कंपन्यांनी दर पाडून या स्पर्धकाला बुडविण्याचा चंग बांधला. एकाकी व्यावसायिकाला प्रबळ प्रतिस्पर्धी सहज चिरडतो, याचा हा दाहक अनुभव होता. म्हणूनच वालचंदांनी कारखान्यांइतकेच लक्ष संघटनांकडे पुरविले. १९२७ मध्ये त्यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना झाली. सोलापूर, सांगली, नगरच्या व्यापाऱ्याला मुंबईतील धनाढ्यांच्या बरोबरीने आपले म्हणणे मांडता यावे, हा त्यामागील हेतू होता. १९३२-३३ मध्ये त्यांनी ‘फिक्की’चे अध्यक्षपद भूषविले. उद्योगमालकांच्या अखिल भारतीय संघटनेच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा होता.

पुढे विमान, मोटार आणि जहाजबांधणीचे कारखाने त्यांनी उभारले. यश सर्वत्र आले असे नाही. बंगळुरूचा विमान कारखाना युद्धकाळात सरकारने ताब्यात घेतला. मात्र संघटित प्रयत्नांवरील त्यांची निष्ठा अखेरपर्यंत ढळली नाही. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात हिंदुस्थान कन्स्ट्रक्शनने कोयनेचे सुमारे १०३ मीटर उंचीचे धरण बांधले. त्या धरणाचे पाणी वीज निर्माण करून पोफळीजवळ वाशिष्ठीत उतरते आणि चिपळूणमार्गे दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळते. ज्या बंदरात वालचंदांचे नाव आगबोटींमुळे पोहोचले, तेथे त्यांच्या मूळ व्यवसायाची ही खूण आजही वाहते आहे.