धर्म बदलला, मग कवी ना. वा. टिळकांचा संसार का मोडला नाही?

नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई सोबत नव्हत्या. बातमी कळताच त्यांच्यावर आभाळ कोसळले, आणि मुलाला घेऊन त्या नातेवाइकांकडे राहिल्या.

कायदा टिळकांच्या बाजूने होता. १८६६च्या कायद्यानुसार धर्मांतरामुळे जोडीदार सहा महिने नांदायला तयार नसेल, तर ख्रिस्ती झालेल्याला कोर्टातून विवाह मोडून घेता येई. टिळकांनी ती वाट धरली नाही. पत्रे लिहीत, भेटत ते वाट पाहत राहिले.

तसे टिळक सुरुवातीपासून आदर्श पती नव्हते. स्वभाव तापट, न सांगता घरातून निघून जाण्याची सवय. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त यातले काहीच झाकलेले नाही, म्हणून तर त्यांच्या निष्ठेची साक्षही पटते.

काही वर्षांनी लक्ष्मीबाई नगरला परतल्या, त्या सोवळे-ओवळे सांभाळूनच. वेगळे पाणी, वेगळा स्वयंपाक. टिळकांनी बळजबरी केली नाही. लक्ष्मीबाईंनी १९००मध्ये बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या विचाराने.

९ मे १९१९ रोजी टिळक गेले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अर्धवट राहिले होते. ते पुढे लक्ष्मीबाईंनी लिहिले.